तिवरखोलच्या रस्त्याचे सहा वाटे

तिवरखोलला एसटी कशी आली असं विचारलंत, तर पाच खाती पाच गोष्टी सांगतील आणि पाचही खोट्या असतील. सहावी माझी. तीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पण त्या दिवशी मी बंदरावर सावलीत उभा होतो आणि ते पाचजण गुडघाभर चिखलात, एवढा फरक धरा.

तिवरखोल हे जयगडच्या खाडीत आत, तिवरांच्या आडोशाला बसलेलं सत्तर घरांचं गाव. अर्धी घरं खारव्यांची, अर्धी मुसलमानांची, आणि कोंबड्या सगळ्यांच्या सगळीकडे. पुढे खाडी, मागे चढी घाटी, आणि घाटी चढून गेलं की सडा. सडा म्हणजे नुसता काळा कातळ. वारा असा, की इकडे कुणी दाढीला साबण लावला तर फेस शेजारच्या गावच्या माणसाच्या गालावर. त्या सड्यापलीकडे, गावापासून सहा किलोमीटरवर फाटा. फाट्यावरून सकाळी सातला रत्नागिरीची एसटी. फाट्यापर्यंत पायवाट, आणि त्या पायवाटेवरून बत्तीस वर्षं रोज डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जाणारी गोदूबाई.

गोदूबाईची रत्नागिरीच्या मच्छीबाजारात जागा होती. दोन हात रुंदीचा दगडी ओटा, पण मोक्याचा. दारातून आत शिरलेलं गिऱ्हाईक पहिलं तिथंच थबकायचं. सासूच्या सासूपासून चालत आलेली जागा. तिथल्या बायकांचा आपसातला कायदा असा, की नारळी पुनवेला दर्या उघडला की पिठोरीच्या अवसेला दुपारपर्यंत जिनं तिनं आपल्या ओट्यावर येऊन पहिली पाटी उतरवायची. ती दुपार उलटली आणि ओटा रिकामा दिसला, तर तो शेजारणीचा. गोदूबाईची शेजारीण मालन. बाई वाईट नव्हती, पण तिला तिथी मोजता यायच्या.

आणि दोन हजार एकच्या जानेवारीत गोदूबाई घाटीत घसरली. पाटी वाचली, गुडघा गेला. डॉक्टरनं सांगितलं, पुन्हा पाटी घेऊन हा चढ चढलीस तर पुढच्या वर्षी काठी आणि त्याच्या पुढच्या वर्षी खाट. मेपर्यंत फारसं अडणार नव्हतं. तिचा दीर खंडू होडीवाला. तो तिला जयगडला सोडायचा, तिथून तिला गाडी मिळायची. पण श्रावणात खाडीच्या मुखाशी पाणी उसळतं, तेव्हा खंडूची होडी जात नाही आणि खंडूही जात नाही. म्हणजे श्रावण संपायच्या आत गावात एसटी आली तर ओटा गोदूबाईचा, नाही तर मालनचा. इतकं सरळ होतं.

सरळ नव्हता तो रस्ता. मी ग्रामपंचायतीचा शिपाई. त्या रस्त्याची कागदपत्रं घेऊन पाच खात्यांचे उंबरठे मी झिजवलेत. एका उंबरठ्याचं लाकूड तर माझ्यामुळेच बदललं म्हणतात. खात्यांची खरी नावं घालत नाही. माणसं आता पेन्शनीत आहेत, त्यांना सुखानं दात काढून घेऊ द्या. आमच्या गावात त्यांना रस्तेवाले, पंचायतवाले, बंदरवाले, जंगलवाले आणि गाडीवाले म्हणत.

गाडीवाले म्हणायचे, पक्का रस्ता दाखवा, उद्या गाडी देतो. रस्तेवाले म्हणायचे, वाहतूक दाखवा, रस्ता देतो. पंचायतवाले म्हणायचे, सडा आमच्या नकाशावर आहे, पण घाटी झाल्याशिवाय नुसत्या सड्यावर रस्ता करून तिथं काय क्रिकेट खेळायचं? जंगलवाले म्हणायचे, घाटीचा खालचा भाग आमचा, पण मधल्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकवाचा छोटा पूल कोण बांधतो ते आधी कळवा, मग झाडांचं बघू. आणि बंदरवाल्यांची हद्द भरतीच्या रेषेपर्यंत. ती रेषा रोज हलते म्हणून त्यांचं उत्तरही रोज हलायचं. पैसे सगळ्यांकडे थोडेथोडे होते. पुऱ्या रस्त्याला कुणाचेच पुरत नव्हते, आणि दुसऱ्यानं घातल्याशिवाय आपले घालायचे नाहीत यावर मात्र पाचही खात्यांचं एकमत होतं.

आमच्या सरपंच हमिदाबी. बाई हिशेबी. त्यांनी ठरवलं, हा गोल कुठं तरी तोडायचा तर वाहतुकीपाशी तोडायचा. आदल्या वर्षी, म्हणजे दोन हजार साली, अर्जावर अर्ज करून त्यांनी वाहतूक मोजणारा कारकून मागवला. तो फाट्यावर खुर्ची टाकून तीन दिवस बसणार, आणि तिवरखोलकडून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला एक रेघ मारणार.

गावात वाहनं म्हणजे चार सायकली, दोन बैलगाड्या, आणि हमिदाबींच्या मुलानं, अझीमनं, कुवेतहून सुट्टीवर आल्यावर घेतलेली एक स्कूटर. ती होडीतून गावात आली होती आणि गावाबाहेर कधी गेली नव्हती. आम्ही ती आठजणांनी पालखीसारखी खांद्यावरून घाटी चढवली. बैलगाड्या सोडवून, चाकं वेगळी, साट्या वेगळ्या, अशा वर नेल्या. आणि मग तीन दिवस जे केलं त्याला तोड नाही. कारकुनासमोरून पुढे जायचं, काजूच्या बागेतून वळायचं, मागून सड्यावर यायचं आणि पुन्हा कारकुनासमोरून जायचं. एकदा डोक्याला टोपी, एकदा मफलर, एकदा नुसतं टक्कल. मी स्वतः एका सायकलवरून त्रेसष्ट वेळा गेलो. बावन्नाव्या वेळी कारकुनानं मला ओळखून हात केला, आणि रेघ मारली. बैलांना तर सवयच लागली. पुढे आठवडाभर ते गोठ्यातसुद्धा गोल फिरत होते.

तीन दिवसांची बेरीज एक हजार नऊशे बारा वाहनं. गावात साखर वाटली.

चार महिन्यांनी उत्तर आलं. एवढी प्रचंड वाहतूक असलेला मार्ग गावरस्ता म्हणून करता येणार नाही, सबब प्रकरण मोठ्या मार्गांच्या कचेरीकडे वर्ग. मोठ्या मार्गवाल्यांनी नकाशे उलगडले आणि आणखी दोन महिन्यांनी लिहिलं, की सदर ठिकाणी कोणताही मार्ग आढळून येत नाही, तरी ही एक हजार नऊशे बारा वाहने नेमकी कशावरून धावतात याचा खुलासा व्हावा. हमिदाबींनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. खुलासा करावा तर तुरुंग, न करावा तर रस्ता गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "लवू, आपण जरा जास्त चाललो."

फाईल मग फिरतच राहिली. इतकी फिरली, की कचेऱ्यांतले लोक मला सोडून तिलाच चहा विचारायला लागले.

अशात गोदूबाई पडली, आणि त्याच सुमारास जिल्ह्याच्या नियोजनाच्या कचेरीत रुचिरा मॅडम नावाच्या नव्या अधिकारी आल्या. मी फाईल घेऊन गेलो तर त्यांनी मला बस म्हटलं. कचेरीत उभं राहून राहून माझे गुडघे वाकायचे विसरले होते. बसायला वेळ लागला. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून वाचली. खुलाशाच्या पत्राशी आल्यावर तोंडाला पदर लावून हसल्या आणि विचारलं, "एकूण सायकली किती?" मी खरं सांगितलं. हमिदाबी म्हणतात माझ्या आयुष्यातलं ते एकमेव.

मॅडम म्हणाल्या, पाच जणांकडे थोडे थोडे पैसे आहेत, कमी आहे ती एक बैठक. पाचजणांनी एकाच कागदावर सह्या केल्या, कोण काय उचलणार ते लिहून दिलं, तर तो एक आराखडा म्हणून मार्च संपायच्या आत मंजुरीला ठेवता येईल. आणि बैठक कचेरीत नको, जागेवर घेऊ. कचेरीत प्रत्येकाला आपापल्या टेबलाकडे पळून जाता येतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ते आले. पाच खात्यांचे पाच साहेब आणि मॅडम. जयगडपर्यंत जीपनं, पुढे खंडूच्या होडीनं. रस्तेवाल्यांचा साहेब आजारी म्हणून त्यांनी मितेश नावाचा एक तरणा इंजिनीयर पाठवला होता. गळ्यात कातडी पिशवी, पिशवीत टेप आणि कॅल्क्युलेटर. आठला उतरले, म्हणाले तासाभरात पाहणी, अकराला परत. पाचांनीही घड्याळ बघितलं. पाण्याकडे एकानंही बघितलं नाही.

खंडूनं माझ्याकडे बघितलं. मी खंडूकडे बघितलं. होडी नेहमीच्या जागी न बांधता त्यानं ती आतल्या उथळ खाजणात नेऊन बांधली.

अकराला ते परत आले तेव्हा होडी होती, खंडू होता, पाणी नव्हतं. पाचही साहेब पँटी दुमडून चिखलात उतरले, होडी ढकलायला. मघाशी जो चिखल सांगितला तो हाच. मॅडम धक्क्यावर माझ्याशेजारी सावलीत. होडी बोटभर हलली नाही. खंडू शांतपणे म्हणाला, पाचच्या आधी काही खरं नाही.

मग काय, जाळी सुकवायच्या मांडवाखाली बसले आणि भांडायला लागले. तीन तास. पंचायतवाले जंगलवाल्यांवर, जंगलवाले बंदरवाल्यांवर, आणि गाडीवाले कुणी त्यांचं नाव घेतलं नाही म्हणून सगळ्यांवर. मितेशनं सहा किलोमीटरला पाचानं भागलं आणि म्हणाला, प्रत्येकानं एक किलोमीटर दोनशे मीटरचा खर्च उचलावा. त्यावर तर मारामारीच व्हायची, कारण कुणाच्या वाट्याला सपाट सडा येणार होता आणि कुणाच्या वाट्याला पऱ्यावरचा साकव.

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गोदूबाई पाय लांब करून बसली होती. त्या सकाळच्या मासळीचे वाटे लावायचं काम तिचं. होडीत पाच भागीदार असले तर मासळीचे पाच ढीग लावायचे आणि ते सारखे दिसायला हवेत. मोठा मासा ज्या ढिगात, तिथं संख्या कमी; बारीक मासळी जिथं, तिथं ढीग मोठा. गोदूबाईच्या वाट्यांवर तिवरखोलात कधी कुणी तक्रार केली नव्हती. तिनं तीन तास सगळं ऐकलं आणि मग बोलली.

"साहेब, तुमचं भांडान रस्त्यावरनं नाय. तुमाला वाटे लावता येत नाय."

मितेशनं आपला भागाकार पुन्हा समजावला.

"म्हंजे एकाला हातभर सुरमई आनि दुसऱ्याला हातभर मांदेली," ती म्हणाली. "आमच्यात असा वाटा लावला तर डोकी फुटतात. सरा बाजूला."

साहेब सरले. गोदूबाईनं ओल्या वाळूवर मासळी मांडायला घेतली, आणि मांडता मांडता सांगत गेली. एक मोठी सुरमई, एकटीच: हा पऱ्यावरचा साकव, पावलं अठरा, पण खर्च तिथंच. दोन सरंगे आणि चार बांगडे: घाटीचं वरचं वळण, कातळ फोडायचा. तीन शिंगाडे: घाटीचा खालचा भाग, झाडीतला, काटा लागणार, पण मांस आहे. ओंजळभर कोळंबी: बंदरापासून घाटीपर्यंतचा चिखलाचा तुकडा, दिसतो एवढासा, पण सोलता सोलता दिवस जातो. आणि शेवटी कोंबडीएवढा मांदेलीचा ढीग: चार किलोमीटर सडा, लांबच लांब, पण कुठं अडत नाही.

मितेश हसला. मग कॅल्क्युलेटर काढला. मग हसायचा थांबला. त्यानं पाचही तुकड्यांचा अंदाज कागदावर मांडला, पुसला, पुन्हा मांडला. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाट्यात फरक निघाला साडेसात हजारांचा. तो म्हणाला, आमच्या खात्यात याहून मोठा फरक नुसत्या बेरजेत पडतो. मग त्यानं विचारलं, "मावशी, हे काढलंत कसं?"

"बत्तीस वरसं डोईवर पाटी घेऊन गेले. कुठं किती जड व्हतं तां मानेला ठाऊक हाय."

बंदरवाले साहेब उगाचच कोळंबीकडे बघत राहिले.

गोदूबाईचं अजून संपलं नव्हतं. तिनं प्रत्येक ढिगातून थोडी थोडी मासळी उचलली, सुरमईचासुद्धा शेपटीकडचा तुकडा कापला, आणि बाजूला सहावा ढीग लावला. पंचायतवाल्यांनी विचारलं, हा कुणाचा?

"होडीचा."

रस्त्यात होडी कुठून आली ते कुणाला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं, की धनी पाच असले तरी होडी एक. फळी निघाली, जाळं फाटलं, तर पाचातला एकही उठत नाही, दुसरा करील म्हणतो. म्हणून आधी होडीचा वाटा काढायचा, मग आपला. रुचिरा मॅडमनी ते ऐकून हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि भराभर लिहायला लागल्या. पाचही खात्यांच्या कागदांत रस्ता करायचे पैसे होते, केल्यानंतर त्याचं काय व्हायचं याचा एका खात्यानंही विचार केला नव्हता.

आता कुणाला कुठला वाटा? याची आमच्याकडे रीत आहे. भागीदारानं आपली एकेक खूण द्यायची, आणि ज्याला कुणाचं घेणंदेणं नाही अशा माणसानं त्या खुणा ढिगांवर ठेवायच्या. ज्या ढिगावर ज्याची खूण, तो त्याचा. मग कुरकुर नाही. तिवरखोलात हा मान मुसाचाचांचा. वय ऐंशीच्या घरात, तरुणपणी बोटीवर खलाशी, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ज्याला दिसत नाही त्याला पक्ष घेता येत नाही, म्हणून मान त्यांचा.

मितेशनं पेनाचं टोपण दिलं, जंगलवाल्यांनी शिट्टी, बंदरवाल्यांनी किल्ली, पंचायतवाल्यांनी चुन्याची डबी, आणि गाडीवाल्यांनी चष्म्याचं घर. मुसाचाचांना हाताला धरून आणलं. त्यांनी पाचही वस्तू चाचपल्या, आभाळाकडे तोंड केलं, आणि एकेक ठेवत गेले.

पेनाचं टोपण सुरमईवर. साकव इंजिनीयरांना. शिट्टी शिंगाड्यांवर. झाडी जंगलवाल्यांना. किल्ली कोळंबीवर, म्हणजे चिखल बंदरवाल्यांना. चुन्याची डबी मांदेलीवर, सडा पंचायतवाल्यांना. आणि चष्म्याचं घर उरलेल्या सरंगे-बांगड्यांवर. गाडीवाले साहेब म्हणाले, वळण आमच्या ड्रायव्हरलाच मारायचं आहे, ते आमच्या पैशानं रुंद झालं तर बरंच. ज्याला जे पेलतं तेच त्याला आलं. जंगलवाले साहेब हळवे झाले. म्हणाले, अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पण आज न्याय बघितला.

हमिदाबी मात्र नुसत्या न्यायावर विसंबणाऱ्या नव्हत्या. वाटा एकदा घरात गेला की परत नाही, हेही रितीतच आहे. त्यांनी पाचही ढीग लगेच उचलले, मीठ-मसाला लावून तव्यावर टाकले, आणि ज्याचा वाटा त्याच्या ताटात वाढला. सगळ्यांचं जेवण झाल्यावर मॅडमनी कागद पुढे केला. खाल्लेलं परत कसं करणार? पाच सह्या झाल्या. सहावा वाटा खंडूच्या घरी गेला. होडी त्याचीच होती. पाचला पाणी आलं तेव्हा साहेब उठायला तयार नव्हते.

मार्चमध्ये आराखडा मंजूर झाला. एप्रिलमध्ये पाच ठिकाणी पाच टोळ्या लागल्या, आणि मग जी चुरस लागली ती काय सांगू. बंदरवाल्यांचे गडी ओहोटीच्या वेळी भराव टाकायचे आणि भरतीच्या वेळी साकवावरच्या गड्यांना चिडवायचे. सड्यावरचे म्हणायचे, आमचं झालं, तुमचं काय? मेअखेर पाच तुकडे एकमेकांना मिळाले. मिळाले म्हणजे टेकले. एकाची खडी जाड, एकाची बारीक, एकानं डांबर सढळ हातानं ओतलेलं, एकानं अत्तरासारखं शिंपडलेलं.

पावसाळा लागला. आषाढ गेला, श्रावण आला, नारळी पुनवेला दर्याला नारळ पडला, आणि एसटीचा पत्ता नाही. गाडी होती तर कंडक्टर नव्हता, कंडक्टर मिळाला तर वेळापत्रक छापायचं होतं. मॅडम रोज फोन करत होत्या. शेवटी तारीख ठरली, ती नेमकी पिठोरीच्या अवसेची. गोदूबाई म्हणाली, चालेल, त्या दिवशी दुपारपर्यंत जागा माझीच आहे.

आदल्या रात्री पाऊस असा पडला की खाडीतले मासे हवापालटाला अंगणात आले. सकाळी सातला एसटी घाटीच्या माथ्यावर येऊन उभी. आणि वळणाच्या खाली दरडीचा एक भाग रस्त्यावर येऊन बसलेला. ड्रायव्हर उतरला, बघून आला, म्हणाला इथून पुढे गाडी जाणार नाही. खाली बंदरावर गोदूबाई पाटी भरून बसली होती. पाटीत सरंगे, वर ओला गोणपाट. तिला सांगायला मीच गेलो. ती नुसती गुडघ्यावरून हात फिरवत राहिली आणि घाटीकडे बघत राहिली. मला कळलं, ही आता पाटी डोक्यावर घेणार.

आधीचे दिवस असते तर मी पाच पत्रं घेऊन पाच कचेऱ्यांना निघालो असतो. पण या वेळी होडीचा वाटा होता. पाचही खात्यांनी त्यासाठी थोडं थोडं घातलं होतं; त्यातून साकवाशेजारी एक पत्र्याची शेड झाली होती, शेडमध्ये फावडी, घमेली, खडीचा ढीग, आणि पावसाळाभर पगारावर चार गडी. शेडची किल्ली हमिदाबींच्या कमरेला. त्यांनी किल्ली फिरवली, चार गडी निघाले, त्यांच्यामागे सगळं गाव निघालं. कुणाची दरड, कुणाची हद्द, कुणीही विचारलं नाही. दोन तासांत वाट मोकळी. नऊ वाजता एसटी तिवरखोलच्या बंदरावर आली आणि तिनं असा हॉर्न दिला की हमिदाबींची म्हैस त्या दिवशी दूध द्यायची राहिली.

गोदूबाईची पाटी ड्रायव्हरनं स्वतः चढवून घेतली. ती पुढच्या बाकावर, मी तिच्यामागे, आणि शेजारी खिडकीत मुसाचाचा. त्यांना रत्नागिरीला डोळे दाखवायला जायचं होतं. गाडी निघाली. गोदूबाईनं डोळे मिटले. धडधड झाली तसं म्हणाली, "बंदरवाले." कुरकुर झाली, "जंगलवाले." एक मोठा दणका बसला, "हा साकव. मितेशचा." मग गाडी वळली आणि सगळे एकमेकांवर पडलो. "गाडीवाले." मग लांबच लांब सड्यावर नुसता घरघर आवाज लागला आणि तिनं नाव घ्यायच्या ऐवजी पाय लांब केले. या सड्यावर बत्तीस वर्षांत ती बसलेली कधी नव्हती.

तेवढ्यात मुसाचाचा खिडकीबाहेर बघून म्हणाले, "फाटा दोन किलोमीटर."

रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता. त्यावर तसंच लिहिलेलं होतं.

गोदूबाईनं डोळे उघडले. आधी दगडाकडे बघितलं, मग चाचांकडे. "चाचा, तुमाला वाचाय आलां?"

चाचा ओशाळले. मग हळूच सांगितलं. आदल्या वर्षी रत्नागिरीच्या शिबिरात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. गावात सांगितलं असतं तर खुणा ठेवायचा मान गेला असता, म्हणून चालताना मुद्दाम दोन वेळा धडपडायचे.

"म्हंजे त्या दिवशी वाट्यांवर खुना ठेवल्यात तवा तुमाला दिसत व्हतां?"

"डोळा मिटला व्हता गो," चाचा म्हणाले. "एक."

गोदूबाई पाटीवर हात ठेवून फाट्यापर्यंत हसत होती. डोळे पुसून म्हणाली, "असू दे. वाटे सारखे व्हते. कोनाचां काय गेलां?" आणि मला दम भरला, की हे जंगलवाल्या साहेबांच्या कानावर गेलं तर बघ. त्यांना आयुष्यात एकदाच न्याय दिसला होता, तो काढून घ्यायचा नाही. म्हणून ते पेन्शनीत जाईपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. फारच कुणी विचारलं तरच सांगितलं.

साडेदहाला बाजारात पोहोचलो. मालननं आपल्या पाटीची एक बाजू गोदूबाईच्या ओट्यावर सरकवून ठेवली होती. पुरती नाही, वीतभर. बारा वाजले की बाकीची. गोदूबाईला दारात बघून तिनं पाटी ओढून घेतली आणि ओट्यावर दोन तांबे पाणी ओतून तो धुतला.

"मेलीस असां वाटलां," ती म्हणाली.

"मेले असते तर तुला आधी निरोप धाडला असता. सर पलीकडं."

मालन सरली. गोदूबाई ओट्यावर बसली, गुडघा सावकाश दुमडला, गोणपाट बाजूला केला. मालननं सरंगे बघितले आणि न राहवून विचारलं, एवढी ताजी मासळी घाटीवर कशी चढवलीस?

"मी नाय चढवली. रस्ता झाला."

"कोनी केला?"

"पाच जनांनी," गोदूबाई म्हणाली, "आनि एका आंधळ्यानं."

आंधळा त्या वेळी पलीकडच्या ओट्यापाशी वाकून, एका पापलेटाच्या डोळ्यात डोळा घालून, तो ताजा आहे की बर्फातला ते बघत होता.